एडिसन (न्यू जर्सी): वस्तीतला वांशिक बदल आणि घरटी उत्पन्न, आकडे ताडायचे कसे?

ओकट्री: नमस्कार मंडळी. एडिसनमधल्या एका ट्रॅक्टचा (जनगणनेसाठी आखलेल्या लहान भागाचा) दहा वर्षांचा तक्ता करतोय: कोणत्या वंशाचे किती लोक आणि घरटी उत्पन्न किती. टाउनशिपचं मोठं चित्र स्पष्ट आहे. एशियन लोक २००० च्या जनगणनेत २९ टक्के, २०१० मध्ये ४३, २०२० मध्ये निम्म्याहून जास्त. ट्रॅक्टवर उतरलं की मात्र घोळ होतो. जुना ट्रॅक्ट नव्या यादीत सापडत नाही, उत्पन्नाच्या जागी नुसतं ‘२,५०,०००+’ येतं, ‘दोन किंवा जास्त वंश’ हा गट एकदम फुगतो. ‘भारतीय आले म्हणून उत्पन्न वाढलं’ असं यावरून म्हणता येईल का?

आकडेमोड: आधी संच नीट निवडा. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे (सेन्सस ब्यूरोच्या नमुना पाहणीचे) पाच वर्षांचे संच एकमेकांवर चढलेले नकोत: २००९–१३ आणि २०१९–२३ घ्या. त्यातले तक्ते क्रमांकाने शोधायचे: वंशासाठी बी०३००२, मध्यक उत्पन्नासाठी (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात तो आकडा) बी१९०१३.

जुनं उत्पन्न २०१३ च्या डॉलरमध्ये असतं, नवं २०२३ च्या. ग्राहक किंमत निर्देशांकानुसार जुन्याला सुमारे १.३१ ने गुणा, त्याच्या मार्जिन ऑफ एररलासुद्धा (± नंतरचा आकडा, अंदाज किती चुकू शकतो ते). समजा जुना मध्यक ९८,००० ± १४,००० होता. तो १,२८,४०० ± १८,३०० झाला. नवा १,४१,००० ± २१,००० असेल तर फरक १२,६०० चा. दोन्ही मार्जिनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, २७,९०० च्या आसपास येतं. फरक त्याहून लहान, म्हणजे ‘उत्पन्न वाढलं’ हे ९० टक्के खात्रीनेही म्हणता येत नाही. ट्रॅक्टमध्ये साधारण चार हजार माणसं, त्यातली नमुन्यात येतात थोडी. बहुतेक तक्ते इथेच फसतात.

‘२,५०,०००+’ म्हणजे खरा मध्यक त्याच्या वर कुठेतरी आहे. तो आकडा वजाबाकीत घालू नका.

नकाशावाला: ट्रॅक्ट हरवत नाही, लोकसंख्या वाढली की फुटतो: समजा ४२ चे ४२.०१ आणि ४२.०२ होतात. २००९–१३ चा संच २०१० च्या हद्दींवर आहे, २०१९–२३ चा २०२० च्या. कोणत्या जुन्या ट्रॅक्टचे कोणते नवे झाले हे सांगणारी सेन्सस ब्यूरोची रिलेशनशिप फाइल उघडून बघा. सरळ दोन तुकडे झाले असतील तर माणसांची बेरीज करा, पण मध्यकांची सरासरी कधीही काढू नका. बी१९००१ मधल्या सोळा उत्पन्नगटांतली घरं एकत्र करा आणि निम्मी घरं ज्या गटात पूर्ण होतात, तिथून प्रमाणात मध्यक काढा. शेवटचा गट २,००,००० पासून पुढे उघडा आहे. मध्यक त्यात गेला तर त्या गटातल्या घरांची टक्केवारीच द्या.

फुगलेला गट मुख्यतः प्रश्नाच्या मांडणीतून आणि उत्तरं नोंदवण्याच्या बदललेल्या पद्धतीतून आलाय. देशभरात ‘दोन किंवा जास्त वंश’ २०१० मध्ये २.९ टक्के होते, २०२० मध्ये १०.२; ‘फक्त व्हाईट’ ७२.४ वरून ६१.६ वर आले. एवढे लोक काही घरं सोडून गेलेले नाहीत! बी०३००२ मधला ‘हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) नसलेले व्हाईट’ हा रकाना वापरलात तर फटका बराच कमी बसतो.

तुळजाई: ओकट्री, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर या दोन तक्त्यांतून निघणार नाही. बी१९०१३डी मध्ये एशियन घरप्रमुख (म्हणजे ज्याच्या नावावर घर वा भाडेकरार आहे तो) असलेल्या घरांचं उत्पन्न मिळतं, पण त्यात चिनी, फिलिपिनो, कोरियन सगळे आले. लहान ट्रॅक्टमध्ये तो रकाना कोराही येतो. नव्या संचात भारतीयांची संख्या बी०२०१५ मध्ये आहे, उत्पन्न नाही.

घरप्रमुखाच्या वयानुसार उत्पन्न बघा, बी१९०४९. निवृत्त जोडप्याने घर विकलं आणि तिथे दोघेही कमावणारं चाळिशीतलं कुटुंब आलं, तर वंश कोणताही असो, मध्यक चढतोच. बी२५०३८ वरून मालक आणि भाडेकरू कोणत्या वर्षांत राहायला आले ते कळतं. जुनी कुटुंबं टिकून असताना उत्पन्न वाढलं असेल तर ‘नवे आले म्हणून’ हे कारण लंगडं पडतं. तक्त्यात वंश आणि उत्पन्न शेजारी ठेवलंत, तर वयाचा रकाना मधोमध हवाच. नाहीतर वाचणारा नको तो निष्कर्ष काढून मोकळा होतो.