जुनी सहा व्होल्टची गाडी गरम झाली की स्टार्टच होत नाही

माझ्याकडे १९४८ ची गाडी आहे, अजून ओरिजिनल सहा व्होल्टवरच आहे. सकाळी एका झटक्यात चालू होते पण लांब फेरी मारून बंद केली की स्टार्टर नुसता कण्हतो, बॅटरी नवीन टाकली तरी तेच. बारा व्होल्ट करून टाकू का? मन होत नाही हो.

उत्तर १:
अजिबात करू नका! आधी बॅटरीपासून स्टार्टरला जाणारी केबल बघा. तेवढ्याच पॉवरला सहा व्होल्टमध्ये करंट दुप्पट लागतो, त्यामुळे कुणी बारा व्होल्टच्या गाडीची बारीक केबल टाकली असेल तर सगळा जोर तिथेच जातो. माझी केबल स्टार्ट मारल्यावर हाताला गरम लागायची, जाड टाकली आणि अर्थिंगच्या पट्टीखालचा (बॅटरी गाडीच्या पत्र्याला जोडते ती) रंग खरवडून चकचकीत पत्रा काढला, तेव्हापासून त्रास नाही.

उत्तर २:
बरोबर. आणि पेट्रोलचे रबरी पाइप पण बदला, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलने जुनं रबर मऊ पडतं, माझ्या कार्ब्युरेटरच्या वाटीत काळा चुरा निघाला होता.

प्रश्नकर्ता:
आत्ताच बघितलं, केबल करंगळीपेक्षा बारीक आहे! उद्याच बदलतो.