अनुभव धागा : कामाला सरकारी परवाना हवा की नको?

नमस्कार मंडळी. डॉक्टरला परवाना हवा यावर वाद नाही. पण केस कापायला? फरशी बसवायला? अमेरिकेतल्या लुइझियानात तर फुलवाल्यांनाही परवाना लागायचा, आणि 2010 पर्यंत परीक्षकांपुढे पुष्परचना करून दाखवावी लागे (हसू नका, खरंच). नुसती मतं नकोत, स्वतःवर गुजरलेलं लिहा.

जुना वायरमन : एका घरी बोलावणं आलं, नळाला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणून. गीझरच्या सॉकेटची प्लेट उघडली, तर अर्थिंगची वायर छान वळवून, टेप गुंडाळून मागे कोंबलेली. जोडलेलीच नाही! वरून बोर्ड चकाचक. मालक म्हणतात, "काम चांगलं केलं होतं हो त्याने, आणि स्वस्तात." प्लेटच्या आड काय आहे हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? मी परवान्याच्या बाजूचा. माझी स्वतःची परीक्षा दुसऱ्या खेपेला सुटली, तीही अर्थिंगच्याच प्रश्नावर अडून.

कात्री : 11 वर्षं केस कापायचं काम करतेय. नवऱ्याची बदली झाली, दुसऱ्या राज्यात माझा परवाना चालेना. पुन्हा शिकण्याचे तास भरा, पुन्हा परीक्षा. परीक्षा घेणाऱ्या मंडळात कोण, तर तिथलेच जुने पार्लरवाले! त्यांना शेजारी नवी खुर्ची कशाला हवी असेल? चार महिने घरी बसले. केस वाईट कापले तर वाढतात हो.

जुना वायरमन : केस वाढतील, पण केमिकलने टाळू भाजली तर?

कात्री : मान्य. तेवढं शिकवा, सक्तीने शिकवा. मला तासन्‌तास काय करायला लावलं? पुतळ्याच्या डोक्याला रोलर.

फरशीकाम : मी जर्मनीत. 2004 मध्ये इथे 94 पैकी 53 हस्तव्यवसायांतून माइस्टर (म्हणजे उस्ताद कारागीर) परीक्षेची अट काढली, त्यात फरशीकामही होतं. म्हणून तर माझा धंदा उभा राहिला. मात्र आमच्यासारख्या एकट्यादुकट्यांनी शिकाऊ पोरं घेतलीच नाहीत, ही ओरड खरी आहे. मीही एकालाच घेतलं, तो दोन महिन्यांत पळाला. 2020 मध्ये 12 व्यवसायांना अट परत लागली, आमच्यासुद्धा. जुन्या धंद्यांना सूट. म्हणजे आता मी कुंपणाच्या आत. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सहज आले : माझा अनुभव वेगळाच. औषधाच्या दुकानात आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांऐवजी मिळत्याजुळत्या नावाच्या भलत्याच गोळ्या दिल्या. घरी पाकीट वाचलं म्हणून निभावलं. तशीच परत गेले आणि विचारलं, फार्मासिस्ट कुठायत? गल्ल्यावरच्या पोराने मान वर न करता भिंतीवरच्या परवान्याच्या फ्रेमकडे बोट दाखवलं.