मदत हवी आहे: कोंबड्या ७, अंडी मात्र रोज दोनच!

मखमलाबादची_सून: घरामागे ७ कोंबड्या आहेत. विकणारा म्हणाला होता, प्रत्येकी रोज एक अंडं. दिवाळीपासून दोन, फार तर तीन मिळतात. खायला भरपूर घालते. सासूबाई म्हणतात, विकून टाक. लवकर सांगा.

निफाडकर: जात कोणती? वय काय? तलंगा आहेत की जुन्या?

देवळालीवाला: शिंपल्यांचा चुरा द्या. माझ्याकडे त्यानेच फरक पडला.

निफाडकर: चुऱ्याने कवच घट्ट होतं, अंडी वाढत नाहीत.

देवळालीवाला: कॅल्शियम कमी पडलं की अंडीही घटतात. अनुभव आहे माझा.

सिन्नर_शेतकरी: कोंबडा आहे का? त्याच्याशिवाय अंडी कुठून येणार?

निफाडकर: दादा, कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यांसाठी नाही.

मखमलाबादची_सून: ३ गावरान, ४ ग्रामप्रिया. सगळ्या ८ महिन्यांच्या. कणी, शिळी पोळी, भाजीचे देठ घालते. एक गावरान चार दिवस लाकडांमागे बसून आहे, जवळ गेलं की फुगते आणि चोच मारते. आजारी आहे का?

निफाडकर: ताई, हे आधी सांगायचं ना! ती खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय; तेवढे दिवस अंडी देत नाही. आता हिशोब बघा. गावरान वर्षाला ६०-८० अंडी देते, परसात ग्रामप्रिया १६०-१८०. सातही मिळून वर्षाला नऊशेच्या आसपास, म्हणजे रोज अडीच. तुमचं काही बिघडलेलं नाही, विकणाऱ्याने पिंजऱ्यातल्या लेअरचा, म्हणजे खास अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्यांचा, आकडा सांगितला. पण कणी-पोळीत प्रथिनं कमी असतात, थोडं लेअरचं खाद्य सुरू करा. शिवाय कोंबडीला १४-१६ तास उजेड लागतो आणि आत्ता आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. खुराड्यात पहाटे बल्ब लावा. संध्याकाळी नको, एकदम विझला तर अंधारात त्यांना दांडीवर चढता येत नाही.

सिन्नर_शेतकरी: खुडूक मोडायला गार पाण्यात बुडवा. आजी तेच करायची.

निफाडकर: या थंडीत? मरेल ती. हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खाली काही अंथरू नका.

नाशिकरोड_नवा: गावरान अंडं तुमच्याकडे कितीला जातं?

मखमलाबादची_सून: आत्ता उठवून पाहिलं, तिच्याखाली ९ अंडी! खाल्ली तर चालतील?

निफाडकर: चार दिवस उबवलेली खाऊ नका. कोंबडा आहे का तुमच्याकडे? असेल तर तिला बसू द्या, २१ दिवसांत पिल्लं निघतील.

सिन्नर_शेतकरी: मी पहिल्यांदा तेच विचारलं होतं.