सिलॅबसचं अनेकवचन ‘सिलॅबाय’च का? मला तर निव्वळ शायनिंग वाटते

खवट_मास्तर: अभ्यासमंडळाच्या मीटिंगचे इंग्लिश मिनिट्स मी लिहिले, त्यात ‘सिलॅबसेस’ होतं, एका वरिष्ठांनी लाल पेनने खोडून ‘सिलॅबाय’ केलं, का तर म्हणे मूळ लॅटिन आहे. अहो पण जुन्या लॅटिनमध्ये हा शब्द असा नव्हताच! इ.स.पू. ५६ च्या सुमारास रोमन वक्ता-लेखक सिसेरो घरची लायब्ररी लावत होता, त्याने मित्राला, अ‍ॅटिकसला कळवलं की चिकटवाचिकटवीला आणि नावाच्या चिठ्ठ्या लावायला तुझी दोन माणसं पाठव. पुस्तकाच्या गुंडाळीवरच्या त्या चिठ्ठीला ग्रीक शब्द ‘सित्तिबा’. १४७० च्या दशकात ही पत्रं छापली तेव्हा तिथं ‘सिलॅबोस’ छापलं गेलं आणि त्यावरून सिलॅबस जन्मला. छापखान्यातल्या चुकीला लॅटिन व्याकरणाचा मान कशासाठी?

शब्दवेडी: चुकून जन्मला म्हणून काय त्याला कायमचं घराबाहेर ठेवणार का? १६५६ ला टॉमस ब्लाउंटच्या इंग्लिश कोशात आलाय. १८६४ ला पोप नववे पायस यांनी ८० चुकीच्या मतांची लॅटिन यादी काढली, तिचं नावच सिलॅबस. खुद्द पोप लॅटिनमध्ये वापरतात म्हटल्यावर तुम्ही-आम्ही कोण नाही म्हणणारे?

टपरीवरचा_चहा: चुकांच्या यादीचं नावच चुकलेलं 😂😂

खवट_मास्तर: @शब्दवेडी बरं, मग प्रॉस्पेक्टसचं ‘प्रॉस्पेक्टाय’ करा की, स्टेटसचं ‘स्टेटाय’ करा.

शब्दवेडी: नाही होत. ते दोन्ही लॅटिनमध्ये वेगळ्या गटातले शब्द आहेत, त्यांचं अनेकवचनही ‘-उस’च राहतं, फक्त उच्चार लांबतो. सिलॅबस मात्र पहिल्यापासून ‘-ई’ घेणाऱ्या गटात धरला गेला, इंग्लिशमध्ये त्या ‘-ई’चा उच्चार ‘आय’ होतो, म्हणून सिलॅबाय. आणि डिक्शनरीत दोन्ही रूपं दिलीयेत, त्यामुळे सरांनी खोडायला नको होतं हे मला मान्य, पण सिलॅबाय चूक हे नाही पटत.

खवट_मास्तर: हे गट खोडणाऱ्यांना तरी माहीत असतात का? लोक शेवटी ‘अस’ दिसला की ‘आय’ लावून मोकळे, ऑक्टोपस ग्रीक असला तरी त्याचंही ‘ऑक्टोपाय’ करतात.

कोरा_कागद: आमच्याकडे पोरं ‘पोर्शन’ म्हणतात, विषय संपला. पण मास्तर, फायनल मिनिट्समध्ये काय गेलं?

खवट_मास्तर: सिलॅबाय. सही त्यांची लागते ना.