फराळाचं पार्सल आणि पन्नास टक्के

प्रेषक: एक सभासद, न्यू जर्सी
दिनांक: 6 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी,

यंदा गिरगावातल्या मावशींचा फराळ आलाच नाही. दरवर्षी आपण चौदा-पंधरा घरं मिळून मागवतो, या वेळी प्रत्येकाला पैसे परत मिळाले. मी इथल्या दुकानातून चकलीची पाकिटं आणली. मुलांनी खाल्ली, पण आईला फोनवर सांगताना वाईट वाटलं.

अमेरिकेनं भारतीय मालावर लावलेल्या जादा आयातशुल्काचं हे प्रकरण दोन सरकारांमधलं आहे, आज ना उद्या मिटेल. भारतानं रशियाचं तेल कमी घेतलं की दर उतरतील. तोवर थोडी कळ सोसावी, असं मला वाटतं. दादा, तुम्ही आता कायमचे मुंबईला आहात. तिथे काय वातावरण आहे?

---

प्रेषक: जुना सभासद, मुक्काम गिरगाव
दिनांक: 7 नोव्हेंबर 2025

प्रिय मंडळी,

कळ सोसावी हे ठीक. पण ती कोण सोसतंय ते सांगतो. मावशी आमच्याच चाळीत खालच्या मजल्यावर राहतात आणि हे सगळं मी जवळून पाहिलंय.

27 ऑगस्टला आमच्याकडे गणपती बसले. त्याच दिवशी भारतीय मालावरचं अमेरिकेचं शुल्क 50 टक्के झालं. 25 आधीचे, रशियाच्या तेलापायी आणखी 25. पेपरात कोळंबी, कपडे, हिरे यांच्या बातम्या होत्या. अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीच्या खास औद्योगिक वसाहतीत, दागिने घडवणाऱ्या कारागिरांची काळजी सगळ्यांनाच लागली होती, आणि ती रास्त होती. मावशींना मात्र भोवलं ते दुसरंच कलम. 800 डॉलरच्या आतल्या पार्सलला अमेरिकेत शुल्क लागत नसे. ती सवलत 29 ऑगस्टपासून सगळ्या जगासाठी बंद झाली. शुल्क माल नेणाऱ्यानं वसूल करून भरायचं, असं ठरलं. ते कसं वसूल करायचं आणि कोणामार्फत भरायचं, याचा पत्ता नव्हता. विमान कंपन्या टपाल घेईनात. आपल्या टपाल खात्यानं 25 ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली आणि महिना संपता संपता पत्रं-कागदपत्रंही बंद केली.

तोवर मावशींची भाजणी दळून आली होती. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग, धणे-जिरे, एकेक धान्य वेगळं भाजलेलं. अमेरिकेचा फराळ त्या गौरी गेल्या की करायला घेतात, कारण वाटेत किती दिवस जातील याचा नेम नसतो. गल्लीतल्या एका कुरिअर एजंटनं "होईल काहीतरी" म्हणून चौदा खोकी घेतली, पैसेही घेतले, आणि मग फोन उचलणं बंद केलं.

आता जे सांगतोय ते नीट वाचा. सप्टेंबरच्या मध्यात मावशींच्या मोबाइलवर संदेश आला. तुमचं अमेरिकेचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, शुल्क भरा, खाली लिंक आहे. मावशींचं पार्सल खरंच अडकलं होतं. शुल्क लागणार हे पेपरात खरंच आलं होतं. त्यांनी लिंक दाबली, पिन टाकला, 38,000 रुपये गेले. तासाभरात व्हिडिओ कॉल. पोलिसाच्या गणवेशातला माणूस सांगतोय, तुमच्या खोक्यात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, दाराला कडी लावा, कोणाशी बोलायचं नाही. मावशी दोन तास स्वयंपाकघरात पाटावर बसून होत्या. शेजारच्या वहिनींना संध्याकाळ झाली तरी दिवा दिसला नाही, म्हणून त्यांनी दार वाजवलं आणि मला हाक मारली. मी गेलो तेव्हा फोन समोर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला होता आणि मावशी त्याच्याकडे हात जोडून बघत होत्या.

मी फोन बंद केला आणि 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, लावला. 21,000 रुपये बँकेनं पुढे जाण्याआधी गोठवले. बाकीचे गेले.

चाळीत दोन-चार जण म्हणाले, मावशी भोळ्या. मला ते अजिबात मान्य नाही. तीस वर्षं धंदा केलेली बाई आहे, तुपाच्या वासावरून भेसळ ओळखते. त्यांच्यावर एक नियम येऊन आदळला आणि तो काय आहे, हे समजावून सांगणारं कोणी नव्हतं. सांगायला पहिला चोर आला. व्यापाराचे नियम एका रात्रीत बदलणाऱ्यांनी, ते वॉशिंग्टनचे असोत की दिल्लीचे, त्याच दिवशी साध्या भाषेत, इथे मराठीत, लहान माणसाला सांगितलं पाहिजे की तू आता काय करायचंस आणि काय करायचं नाहीस. मोठ्या निर्यातदाराला वकील असतो, सल्लागार असतो. मावशींना कोण आहे?

पूर्वी असं काही झालं की लोक कागद घेऊन नगरसेवकाच्या ऑफिसात जायचे. काम होवो न होवो, कोणीतरी वाचून अर्थ सांगायचं. महापालिकेची शेवटची निवडणूक 2017 ची. मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासक आहे. सर्वोच्च न्यायालयानं आता 31 जानेवारी 2026 पर्यंत निवडणुका पूर्ण करायला सांगितलंय. उमेदवार कुठल्याही पक्षाचा असो, मी एकच विचारणार आहे, संध्याकाळी ऑफिस उघडं ठेवणार का?

तेलाबद्दल म्हणशील तर देशानं तेल कुठून घ्यायचं हे देशानंच ठरवावं, माझं मत पक्कं आहे. पण तेल घेणारा एक आणि त्याचा दंड भरणारी गिरगावातली बाई, हे मला पटत नाही.

खोकी ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत आली. मावशींनी माझ्यासमोर टेप कापली, वरच्या थरातली चकली घेऊन मोडली. आवाज आला नाही. त्यांनी खोकं बंद केलं आणि वही काढून कोणाचे किती परत द्यायचे ते लिहायला घेतलं.

टपाल 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू झालं. वसुबारस 17 ला होती. आता जाहीर केलेल्या किमतीच्या 50 टक्के शुल्क पार्सल देतानाच इथे भरायचं. हजाराच्या फराळावर पाचशे, टपालखर्च वेगळा. 22 सप्टेंबरपासून तूप, सुका मेवा, पाकीटबंद नमकीन यांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, ते चांगलंच झालं, मावशींना तुपाच्या डब्यामागे फरक पडला. पण तुमची चौदा घरं त्यानं भरून निघत नाहीत.

---

प्रेषक: एक सभासद, पेनसिल्व्हेनिया
दिनांक: 7 नोव्हेंबर 2025

दादा, वाचून रात्री झोप लागली नाही. मावशींना माझा नमस्कार सांगा. एक मात्र म्हणावंसं वाटतं, दोष मोबाइलवर जाऊ नये. माझी आई ठाण्यात एकटी असते. भाजी, औषधं, विजेचं बिल, सगळं यूपीआयवर. त्याच्यामुळे ती कोणावर अवलंबून नाही. ते बंद करा म्हटलं तर तिचे हातपाय बांधल्यासारखं होईल. गेलेल्या पैशांसाठी आपण वर्गणी काढूया का?

---

प्रेषक: जुना सभासद, मुक्काम गिरगाव
दिनांक: 8 नोव्हेंबर 2025

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. मावशींचा धंदाच दारावरच्या त्या क्यूआर कोडवर उभा आहे. 2016 मध्ये यूपीआय आलं तेव्हा त्या सुट्ट्या पैशांचा डबा मांडीवर घेऊन बसायच्या. दुकानदाराला त्याचं शुल्क पडत नाही, हे तर मोठंच काम झालंय. यंदा 1 ऑक्टोबरपासून एका माणसानं दुसऱ्याकडे यूपीआयवर पैशांची मागणी पाठवायची सोयही बंद केली, फसवणूक होत होती म्हणून. असे निर्णय हवेच आहेत.

पण आईला आजच फोन करा. डिजिटल अरेस्ट अशी गोष्ट कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 ला रेडिओवर सांगितलं होतं. तरी पोरांच्या तोंडून ऐकलं की ते मनात राहतं. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. कोणी घाबरवलं, तर आधी फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा, अमेरिकेत रात्र असली तरी. 1930 हा आकडा फ्रिजवर चिकटवा. पैसे गेलेच तर जितक्या लवकर कळवाल तितके वाचतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

वर्गणीचं मावशींना विचारलं. नको म्हणाल्या. डिसेंबरमध्ये मुंबईला कोण येतंय तेवढं कळवा, अर्धी बॅग रिकामी आणायला सांगा, असा त्यांचा निरोप आहे. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तळून देतील. भाजणी ताजी दळून आणणार आहेत.