फिल्टर फ्लॅटनरच्या पुढे लावायचा की मागे?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. आकाशाचे फोटो घ्यायला ८० मिमीचा एफ/६ अपवर्तक (भिंगाची दुर्बीण), मागे १एक्स फ्लॅटनर (कडेचे तारेही गोल ठेवणारं भिंग), मग टी-रिंग (कॅमेरा जोडणारा अडॅप्टर) आणि मॉडिफाय केलेला कॅननचा एपीएस-सी (फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचा) डीएसएलआर, असा संच आहे. फिल्टरशिवाय तारे कडेपर्यंत गोल येतात. आता दोन इंची ड्युअल-बँड फिल्टर (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आरपार जाऊ देणारा) घेऊन तो फ्लॅटनर आणि टी-रिंगच्या मध्ये आट्यांवर बसवला, तर कोपऱ्यांतले तारे केंद्राभोवती फेर धरल्यासारखे लांबट येतायत. फोकसही जुन्या खुणेवर येत नाही. काच सदोष असेल का? फ्लॅटनरच्या पुढच्या, दुर्बिणीकडच्या तोंडालाही एम४८चे (४८ मिमीचे) आटे आहेत. तिकडे हलवू का?

जुना_व्हर्नियर
काच परत पाठवू नका. काचेवर नाही, तिला धरणाऱ्या कडीवर माझा संशय आहे.

कॅननच्या माउंटपासून सेन्सर ४४ मिमी आत असतो. टी-रिंगचे ११ धरले की फ्लॅटनरपासून सेन्सरपर्यंत ५५, आणि बहुतेक फ्लॅटनर याच अंतरासाठी घडवलेले असतात. तुम्ही मध्ये फिल्टर अडकवलात, म्हणजे कडीची उंचीही त्यात शिरली. आटे सोडून उरणारी उंची व्हर्नियरने मोजा. ती ५ मिमी निघाली, तर तुमचा सेन्सर ६० वर गेला. आता थोडं अंतर वाढायला हवंच होतं, कारण काचेतून जाताना किरण जरा उशिरा एकत्र येतात. पण ते काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. काच २ मिमीची असेल तर हवेत ५५.७, आणि तुम्ही ६० वर. ताऱ्यांनी फेर धरला की बहुतेक फ्लॅटनरांत सेन्सर लांब गेलेला असतो. केंद्राकडे रोखलेले बाण दिसले, तर जवळ आलेला. तुमचं वर्णन पहिल्या जातीचं आहे.

तेव्हा पुढे हलवाच. फ्लॅटनरच्या पुढे फिल्टर लावला की मागचे ५५ जसेच्या तसे राहतात, फक्त फोकसर (फोकस साधायची सरकती नळी) थोडा सरकवावा लागतो. प्रश्न उरतो तो कडा काळवंडण्याचा. त्याचा हिशेब सोपा आहे: सेन्सरचा कर्ण, अधिक फिल्टरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर भागिले एफ-अंक (तुमचा ६). तुमचा कर्ण जवळपास २७. फिल्टर १०० मिमी पुढे गेला, तर २७ अधिक १७, म्हणजे ४४. दोन इंची फिल्टरची मोकळी काच साधारण ४५ मिमी असते. निसटता पास! फुल-फ्रेमचा कर्ण ४३, तिथे हे गणित सपशेल कोसळतं. सव्वा इंचीचा तर विषयच नको, तो तुमच्या सेन्सरला कुठेही ठेवला तरी अपुराच.

फोकसची जुनी खूण विसरा. फिल्टर लावूनच, बाख्तिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर लावायची, फोकस दाखवणारी खाचांची जाळी) घालून, नव्याने साधा. ड्युअल-बँडमधून मंद तारा दिसणार नाही, म्हणून सरळ व्याध किंवा ब्रह्महृदय गाठा.

अनुराधा_नक्षत्र
काका, एक शंका. मी फिल्टर पुढे लावते, तर तेजस्वी ताऱ्यांभोवती फिकट कडं येतं. क्लिप-इन बरा नाही का? बॉडीतच बसतो, मागे कडीची भानगड नाही.

जुना_व्हर्नियर
क्लिप-इन चांगलाच, पण त्याच्यासोबत ईएफ-एस (कॅननच्या एपीएस-सीसाठीच्या) लेन्स चालत नाहीत, आणि काचेचा तो एक तृतीयांश तिथेही चुकत नाही. कडं म्हणजे काचेवरून परतलेला प्रकाश. कोणती बाजू जास्त चकाकते ते पाहा. ती बहुधा आकाशाकडे हवी. जागा बदलली की कड्याचा आकारही बदलतो, म्हणून दोन्हीकडे लावून बघा. आणि फ्लॅट्स (धुळीचे डाग नि काळवंडलेल्या कडा दुरुस्त करायला एकसारख्या उजेडाचे घेतलेले फोटो) त्याच फिल्टरसह, त्याच जागी घ्या. जुने फ्लॅट्स लावून 'धुळीचे डाग का जात नाहीत' असं विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही.

रात्रपाळी
कडी ५.२ मिमी भरली! फिल्टर पुढे हलवला. तीन कोपरे स्वच्छ, उजवीकडचा खालचा अजून ओढलेला. शिम (अंतर वाढवणारी पातळ चकती) घालू का? आणि याच फिल्टरने देवयानी दीर्घिका घ्यावी म्हणतो.

जुना_व्हर्नियर
देवयानीसाठी फिल्टर काढा. ती ताऱ्यांच्या प्रकाशाने उजळते आणि तो प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो. ड्युअल-बँड त्यातला बहुतेक अडवेल. कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुळीचंही तेच. हा फिल्टर ६५६.३ नॅनोमीटरच्या हायड्रोजन-आल्फासाठी आणि ५००.७च्या ऑक्सिजनसाठी. मृगातला मोठा तेजोमेघ घ्या, मग बोलू.

शिम आत्ताच नको. अंतर चुकलं तर चारही कोपरे बिघडतात. एकच बिघडला तर कल, म्हणजे सेन्सर तिरका, असण्याची शक्यता जास्त. कॅमेरा ९० अंश फिरवून परत फोटो घ्या. वाईट कोपरा चौकटीत तिथेच राहिला तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूचा: टी-रिंगचे बारीक स्क्रू, नाहीतर सेन्सर. कोपरा बदलला तर फोकसरकडे बघा. कॅमेऱ्याच्या वजनाने नळी खाली झुकते, आणि एकाच स्क्रूवर आवळलेली असेल तर हमखास.