मदत हवी आहे: जेसन इसबेलचा नवा अल्बम घ्यावा की नाही? (आज संध्याकाळपर्यंत सांगा)

मंजू_ठाणे
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. दिरांना जेसन इसबेल या अमेरिकन गायकाची रेकॉर्ड भेट द्यायची आहे. नव्या अल्बमचं नाव 'फॉक्सेस इन द स्नो'. मी स्वतः यातलं काही ऐकत नाही. नेटवर वाचायला गेले तर एक म्हणतो 'साउथईस्टर्न' या जुन्या अल्बमनंतरचं त्याचं सगळ्यात चांगलं काम, दुसरा म्हणतो नुसती गिटार आणि रडगाणं, तिसऱ्याच्या तर तो माणूसच मनातून उतरलाय. डोकं फिरायची वेळ आली. मला फक्त हो किंवा नाही हवंय. आज ऑर्डर गेली नाही तर वेळेत पोचणार नाही. जाणकारांनी लवकर सांगा.

निमिष
हो. पुढचा प्रश्न?

गावठी_गिटार
निमिष, असं कसं रे? ताई, दीर कुठे असतात? रेकॉर्ड म्हणजे एलपी ना, की सीडी? टर्नटेबल आहे का? आधीचं काय काय आहे त्यांच्याकडे? बँडवालं आवडतं की शांत? एवढं कळल्याशिवाय हो-नाही सांगणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

मंजू_ठाणे
टर्नटेबल नसतं तर रेकॉर्ड कशाला दिली असती? दीर हंट्सव्हिलला असतात, अलाबामा. आधीचं काय आहे ते माहीत नाही, विचारलं तर सरप्राइज फुटेल. गिटार वाजवतात रविवारी.

बे_एरिया_बंड्या
हंट्सव्हिल! मग इसबेल त्यांचा गाववालाच की. ग्रीन हिलचा तो, गाडीने तास-दीड तास. तिथूनच जवळ मसल शोल्स. एवढंसं गाव, पण फेम स्टुडिओ तिथला, १९६७ मध्ये सोल गायिका अरीथा फ्रँकलिन तिथे गाऊन गेली. तिकडे राहून गिटार वाजवणारा माणूस म्हणजे त्याच्याकडे इसबेलचं निम्मं कपाट असणार. नव्यात 'क्रिमसन अँड क्ले' नावाचं गाणं त्या लाल मातीवरच आहे. डोळे मिटून घ्या.

कोल्हापुरी_ठसका
कंट्री म्हणजे टोपी, ट्रक आणि बिअर ना? दिरांना त्यापेक्षा चांगली पैठणीची बॉर्डर असलेली भिंतीवरची फ्रेम द्या. आमच्याकडे ऑर्डर घेतो, खासगी मेसेज करा.

तिसरी_घंटा
@ठसका, जाहिरात नको. आणि टोपी-ट्रक ते रेडिओवरचं नॅशव्हिल, कंट्रीचं माहेरघर. हे ऑल्ट-कंट्री. इलिनॉयमधल्या बेलव्हिलच्या अंकल टुपेलो नावाच्या पोरांनी १९९० मध्ये 'नो डिप्रेशन' अल्बम काढला, कार्टर फॅमिलीची जुनी कंट्री गाणी आणि पंक रॉक एका भांड्यात शिजवलं. पुढे १९९५ मध्ये त्याच नावाचं मासिक निघालं आणि या सगळ्या मंडळींचं ते घर झालं. १९९४ मध्ये बँड फुटला, एका तुकड्याचं विल्को झालं, दुसऱ्याचं सन व्होल्ट. मी सन व्होल्टवाला. विल्कोबद्दल मला विचारू नका.

निमिष
कोणी विचारलं नव्हतं :)

खडूस_आजोबा
इसबेलने २००७ मध्ये त्याचा जुना बँड ड्राइव्ह-बाय ट्रकर्स सोडला तिथे माझ्यापुरता विषय संपला. तीन गिटारी, कानठळ्या, आणि त्यात हा बाविशीतला पोरगा. 'डेकोरेशन डे' घ्या, २००३चा. त्यात 'आउटफिट' ऐका: रंगारी बाप मुलाला सांगतोय, गाव सोडून जा पण माज करू नकोस. माझा मुलगा नोकरीला बंगळुरूला निघाला तेव्हा मी त्याला भाषण न देता हेच गाणं लावून दिलं होतं. त्यानंतर इसबेलने जे केलं ते सगळं चांगल्या कपड्यातलं.

सुतारपक्षी
आजोबा, 'साउथईस्टर्न' चांगल्या कपड्यातलं? दारू सोडून आलेल्या माणसाचा अल्बम आहे तो. 'एलिफंट' ऐकून पुन्हा बोला. कॅन्सर झालेली मैत्रीण, बार, आणि कोणीच काढत नाही तो विषय.
पण मंजूताई, नव्याबद्दल माझं मत नाही. ५-६ वेळा ऐकला, मनापासून ऐकला. त्याच्या बँडमधल्या सॅडलर व्हेडनची गिटार नाही, ड्रम नाही, व्हायोलिन नाही. इसबेलची खरी गंमत बँड पेटतो तेव्हा. आणि शब्द. हा माणूस दोन ओळींत अख्खं घर उभं करायचा, आता शीर्षकगीतात नव्या प्रेयसीचं मला हे आवडतं, ते आवडतं, अशी यादी. प्रेमात पडलेला मित्र रात्री दोनला व्हॉट्सॅप करतो तसं वाटतं. मित्र म्हणून आनंद होतो, पण रेकॉर्ड विकत घेणार नाही.

रेवा
पूर्ण असहमत. व्हायोलिन का नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, मग ती तक्रार का धरता?
अहो, एक माणूस, एक गिटार. १९४० सालची मार्टिन ०-१७, सगळी महॉगनीची, छोट्या अंगाची. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत पाच दिवसांत झालं सगळं, तोच तो गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सने बांधलेला. 'बरी मी' सुरू होतं तेव्हा गिटारसुद्धा नाही, नुसता गळा. हेडफोन लावून ऐका. तारेवर बोट सरकल्याचा चर्र आवाज येतो, ओळीआधीचा श्वास येतो. महॉगनीला स्प्रूसच्या लाकडासारखी चमक नसते, सूर लवकर विरतो, त्यामुळे दोन सुरांमधली जागा मोकळी राहते आणि शब्द त्या जागेत बसतात. हे बँडसोबत झालंच नसतं. आणि यातलंच 'आयलीन' गाणं? त्यात कुठली यादी आहे?

गावठी_गिटार
महॉगनीबद्दल +१. दीर गिटार वाजवतात म्हणजे हा अल्बम त्यांना शिकायला पण मिळेल. बोटांनी वाजवलेलं सगळं स्वच्छ ऐकू येतं.

खडूस_आजोबा
आमच्याकडे एका पेटीवर भावगीतं होत होती तेव्हा कोणी श्वास ऐकू येतो म्हणून डोक्यावर घेत नव्हतं. साथीला माणसं नव्हती कारण पैसे नव्हते.

रेवा
आजोबा, म्हणून ती कमी चांगली होती का?

पार्सलवाला_पक्या
एलपी मागवताना कस्टम ड्युटी लक्षात घ्या. मी मागवली तेव्हा रेकॉर्डच्या किमतीएवढा वरखर्च झाला, शिवाय पावसाळ्यात पुठ्ठा भिजून आला, तबकडी वाकडी. एका साइटने चक्क हात वर केले. दोन काचांमध्ये ठेवून मंद उन्हात सरळ करता येते, पण नजर ठेवावी लागते. सविस्तर लिहू का?

मंजू_ठाणे
अहो, अलाबामातच पोचवायची आहे. तिथल्याच दुकानातून जाणार. कस्टम कुठून आलं?
आणि तुमचं सगळ्यांचं वाचून मी आधीपेक्षा जास्त गोंधळले. हो किती, नाही किती?

अश्विनी_के
ताई, एक विचारू? भेट कशानिमित्त आहे? दिवाळी, वाढदिवस?

मंजू_ठाणे
लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे दोघांचा. त्याने काय फरक पडतो? गाणी ती गाणी.

रेवा
थांबा!!! ऑर्डर करू नका!!!

निमिष
मी माझं 'हो' मागे घेतो.

बे_एरिया_बंड्या
माझे मिटलेले डोळे उघडले.

मंजू_ठाणे
काय झालं ते कोणी नीट सांगेल का?

सुतारपक्षी
सांगतो. अमांडा शायर्स, टेक्ससची, व्हायोलिन वाजवते, स्वतः उत्तम गीतकार. इसबेलची बायको. २०१३च्या फेब्रुवारीत लग्न, त्याच वर्षी 'साउथईस्टर्न'. त्यातलं 'कव्हर मी अप' तिच्यासाठी लिहिलेलं. पुढे वर्षानुवर्षं ती त्याच्याच बँडमध्ये. २०२३च्या डिसेंबरमध्ये घटस्फोटाचा अर्ज, आणि २०२५च्या मार्चमध्ये हा अल्बम. अकरा गाण्यांतली बरीचशी त्या मोडण्याबद्दल, उरलेली नव्या प्रेमाबद्दल. एका गाण्याचं नावच 'गुड व्हाइल इट लास्टेड', म्हणजे टिकलं तोवर छान होतं. ते पंचविसाव्या वाढदिवसाला लावायचंय का जाऊबाईंसमोर?

मंजू_ठाणे
अरे देवा. हे कुणी पहिल्याच प्रतिसादात का नाही सांगितलं?

निमिष
तुम्ही लग्नाचा वाढदिवस पहिल्याच धाग्यात का नाही सांगितलात?

तिसरी_घंटा
सगळी लढाई याचीच आहे खरं तर. चाहते गाण्यांवरून कमी आणि बाजूंवरून जास्त भांडतायत. ज्यांनी स्वतःच्या लग्नात 'कव्हर मी अप' वाजवलं त्यांना फसवल्यासारखं वाटतं. इसबेललाही ते ठाऊक आहे. 'ग्रॅव्हलवीड'मध्ये त्याने जुन्या प्रेमगीतांचा अर्थ बदलला याबद्दल सरळ माफीच मागितली आहे. अल्बममधलं सगळ्यात प्रामाणिक गाणं ते. आणि 'ट्रू बिलीव्हर'मध्ये तोच माणूस संतापलेला. दोन्ही एकाच तबकडीवर.

अश्विनी_के
मला 'ट्रू बिलीव्हर' नाही पटलं. माईक एकाच्या हातात, दुसरी बाजू गप्प, आणि हजारो लोक टाळ्या वाजवतायत.

रेवा
गप्प कुठे? शायर्सचा 'नोबडीज गर्ल' अल्बम आला ना २०२५च्या सप्टेंबरमध्ये. तिनेही आपलं म्हणणं मांडलं. मी दोन्ही घेतले. एकाच संध्याकाळी ऐकू नका एवढंच सांगते.

खडूस_आजोबा
कलाकाराच्या स्वयंपाकघरात डोकावायची ही नवी खोड. तबकडी लावा, ऐका, झोपा.

सुतारपक्षी
आजोबा, दार त्यानेच उघडं ठेवलंय. २०२३च्या माहितीपटात दोघं भांडताना दाखवलीत, कॅमेऱ्यासमोर. मग आम्ही बघितलं तर आमचा दोष?

पार्सलवाला_पक्या
अवांतर: 'कव्हर मी अप' मॉर्गन वॉलनचं आहे ना? माझ्या पोराच्या प्लेलिस्टमध्ये आहे.

बे_एरिया_बंड्या
वॉलनने फक्त गायलं. २०२१ मध्ये तो वर्णद्वेषी शब्दावरून अडचणीत आला तेव्हा त्या गाण्यातून आलेले पैसे इसबेलने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संस्थेच्या नॅशव्हिल शाखेला देऊन टाकले. हे इसबेलला आवडणारे आणि न आवडणारे दोघंही मान्य करतात.

गावठी_गिटार
मुद्द्यावर या. मग 'साउथईस्टर्न' द्या. 'कव्हर मी अप' आहे, अभिजात आहे, प्रश्न मिटला.

अश्विनी_के
कसा मिटला? ज्या जोडप्याचं ते गाणं ते जोडपंच राहिलं नाही!

गावठी_गिटार
गाणं लिहिलं तेव्हा तर खरं होतं ना. माझ्या आईवडिलांच्या लग्नातला सनईवाला पुढे स्वतःच्या बायकोला सोडून गेला. म्हणून आईवडिलांचं लग्न खोटं झालं नाही.

रेवा
हे मला पटलं. मी अजूनही 'कव्हर मी अप' ऐकते. फक्त आधी नुसतं सुख वाटायचं, आता शेवटच्या कडव्याला पोटात तुटतं. गाणं मोठंच झालं माझ्यासाठी.

सुतारपक्षी
मला नाही जमत. मध्येच बंद करतो.

निमिष
'द नॅशव्हिल साउंड' द्या, २०१७चा. 'इफ वी वेअर व्हॅम्पायर्स' म्हणजे मुरलेल्या जोडप्यांचं राष्ट्रगीत. ग्रॅमी पण मिळालंय.

तिसरी_घंटा
निमिष, त्या गाण्याचा विषय असा की दोघांतलं एक आधी मरणार आणि दुसरं मागे राहणार. रौप्यमहोत्सवी वाढदिवसाला. केकसोबत.

निमिष
मला वाटलं व्हॅम्पायरबद्दल आहे.

मंजू_ठाणे
तुम्हा सगळ्यांचे आभार पण माझा चहा गार झाला आणि दुपारही गेली. या माणसाचं एकतरी असं काही आहे का ज्यात कोणी मरत नाही आणि कोणी कोणाला सोडत नाही?

खडूस_आजोबा
नाही.

सुतारपक्षी
आजोबांशी प्रथमच सहमत. पण कमी अपशकुनी असं 'वेदरव्हेन्स' आहे, २०२३चा. पूर्ण बँड, गिटारी मोकळ्या सुटलेल्या, दोन तबकड्यांचा संच, भेट म्हणून हातात घसघशीत लागतो. स्कॉर्सेसीच्या 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' सिनेमात काम करत होता त्या दिवसांत यातली काही गाणी लिहिली. अमेरिकाना (कंट्री-लोकसंगीताच्या मुळांचं संगीत) अल्बमचं ग्रॅमी मिळालं. दुःख भरपूर आहे, पण बरंचसं दुसऱ्यांचं: पाठदुखीच्या गोळ्यांत अडकलेला कामगार वगैरे. लग्नाच्या वाढदिवसाला लोकांची दुःखं चालतात.

रेवा
'वेदरव्हेन्स'ला माझा विरोध नाही. पण दिरांना कधीतरी साध्या दिवशी 'फॉक्सेस' नक्की द्या. गिटार वाजवणाऱ्या माणसाला त्यापासून दूर ठेवणं अन्याय आहे.

अश्विनी_के
ताई, घरात मुलं असतील ना? पुतण्याला गुपचूप कपाटाचा फोटो काढायला सांगा. दोनदा तीच रेकॉर्ड जाण्यापेक्षा बरं.

मंजू_ठाणे
पुतणीला मेसेज टाकला. तिकडे पहाट आहे पण जागीच होती, परीक्षा आहे तिची. फोटो आला. 'साउथईस्टर्न' आहे, 'नॅशव्हिल साउंड' आहे, ट्रकर्सच्या तीन आहेत (आजोबा, तुमच्यासाठी). 'वेदरव्हेन्स' नाही. 'फॉक्सेस'ही नाही. पुतणी म्हणते बाबा 'फॉक्सेस' गाडीत फोनवर लावतात, आई लगेच बदलायला लावते, म्हणून घरात आणलं नसेल.
'वेदरव्हेन्स' ऑर्डर केली. शुक्रवारपर्यंत पोचेल असं दाखवतंय. 'फॉक्सेस' त्यांच्या वाढदिवसाला बघू, तोवर जाऊबाईंचं मत बदललं तर.

रेवा
आई बदलायला लावते म्हणजे आईने नीट ऐकलाय. मला तर वाटतं तुमच्या घरात खरी चाहती तीच आहे :)

खडूस_आजोबा
ट्रकर्सच्या तीन म्हणजे कुठल्या? फोटो टाका. 'द डर्टी साउथ' नसेल तर कपाट अपुरं आहे.

पार्सलवाला_पक्या
वाकड्या तबकडीचं सविस्तर लिहितोय. नवा धागा काढू की इथेच?